पाच माणसं, किराणा-भाजी-दूध मिळून ६,००० रुपये: ताटात डाळ-भाजी कशी वाढवायची? (अमळनेर)

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. घरात पाच जण: आम्ही दोघं, सासूबाई (६३), मुलगी ११ ची, मुलगा ६ चा. महिन्याला ६,००० च्या वर हात जात नाही, तरी दर महिन्याला ओढाताण. रेशनचे १० किलो गहू आणि १५ किलो तांदूळ मिळतात, ते यात धरलेले नाहीत. बाकीची यादी आमच्याकडच्या भावाने अशी:

ज्वारी १२ किलो ४५६, वरचा गहू ८ किलो २७२, तूरडाळ ३ किलो ३७५, मूगडाळ १ किलो ११०, तेल ५ लिटर ७५०, साखर ५ किलो २२५, चहा २००, दूध रोज अर्धा लिटर ९००, भाजी रोज ५० ची म्हणजे १,५००, शेव-फरसाण २ किलो ४४०, मुलांची बिस्किटं-टोस्ट-कुरकुरे रोज २० चे म्हणजे ६००, शेंगदाणे १ किलो १४०, तिखट-मीठ-मसाला ४००.

मुलीचं हिमोग्लोबिन ९.८ आलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. मुलं अंडी खातात, सासूबाईंना चालत नाहीत. पैसा नेमका कुठे गळतोय आणि काय वाढवायचं, ते सांगा. बदाम, ओट्स, चिया हे कृपया नको.

पै_पैचा_हिशेब
ताई, यादी दिली हे फार बरं केलं. बेरीज ६,३६८ येते. म्हणजे तुमची ओढाताण दर महिन्याला बरोबर ३६८ रुपयांची आहे.

आता डाळ बघा. ४ किलो, पाच माणसं, तीस दिवस: माणशी रोज २७ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शिका काढली, त्यात २,००० कॅलरीच्या ताटाला रोज ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य (किंवा त्याच्या बदली अंडी-मांस), ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळ, ३०० मिली दूध-दही, ३५ ग्रॅम शेंगदाणे-तिळासारखं काही आणि २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. लहान मुलाला आणि सासूबाईंना त्याहून कमी लागेल हे खरं, पण २७ कुठे आणि ८५ कुठे. तेलाचं मात्र उलटं आहे. ५ लिटर म्हणजे माणशी रोज ३३ मिली, आणि शेवेतलं तेल अजून त्यात आलेलंच नाही. साखर माणशी ३३ ग्रॅम. ती २० च्या आसपास हवी.

१० रुपयांत किती प्रथिनं पदरात पडतात ते तुमच्याच भावाने काढलं. अख्खे मूग (१०० रु. किलो धरून) २४ ग्रॅम, शेंगदाणे १८, तूरडाळ साडेसतरा, अंडं (७ रुपयाला) साडेआठ, दूध जेमतेम ५. आणि ज्वारी? २६! म्हणून भाकरीला कमी लेखू नका. फक्त धान्याचं प्रथिन एकटं अपुरं पडतं, त्याला डाळीची जोड लागते. दूध या हिशेबात महाग दिसतं, पण कॅल्शियम आणि बी-१२ साठी ते हवंच. अर्धा लिटर सगळं चहात घालू नका. आणल्या आणल्या ३०० मिली विरजणाला बाजूला काढा आणि मग चहाचं बघा.

कापाकापी अशी. शेव २ किलोवरून अर्धा किलो: ३३० वाचले. बिस्किट-कुरकुऱ्याच्या ६०० पैकी १५० ची केळी, पेरू, बोरं घ्या, उरलेले ४५० वाचले. तेल साडेतीन लिटर: २२५. साखर ३ किलो: ९०. एकूण १,०९५. त्यातून ती ३६८ ची खोट भरली की ७२७ हातात राहतात.

त्यात डाळी ८ किलो करा: तूर ३ किलो तशीच राहू द्या (३७५), अख्खे मूग दीड किलो (१५०), काळे अख्खे उडीद दीड किलो (१५०), मठ म्हणजे मटकी १ किलो (११०), हरभरे १ किलो (८०). झाले ८६५, म्हणजे आधीपेक्षा ३८० जास्त. शेंगदाणे आणखी १ किलो, १४०. उरले २०७. त्यात २८ अंडी येतात, १९६ ला. मुलांना एक दिवसाआड एकेक धरली तर महिनाभर जातात.

आता माणशी डाळ ५३ ग्रॅम झाली. ८५ नाही, पण दाणे आणि अंडी मिळून मुलांचं पुष्कळसं भरून निघतं.

शिरपूरचा_भो
सगळं पटलं भाऊ, पण खान्देशात अर्धा किलो शेवेवर महिना काढायचा? शेवभाजी कशाची करायची, हवेची?

बिबडं_बट्टी
भो, अर्धा किलोत तीन वेळा शेवभाजी होते. पाच माणसांना १६०-१७० ग्रॅम शेव पुरते, पण ती ताटात वाढल्यावर वरून घातली तर. पातेल्यात घालून ठेवली की रस्सा पिऊन फुगते, रस्सा आटतो, मग आणखी शेव, आणखी तेल.

आणि तर्री यायला पाव लिटर तेल लागतं हा गैरसमज आहे. कांदा-खोबरं कोरडंच तव्यावर काळपट होईपर्यंत भाजा, बारीक वाटा, ३ मोठे चमचे तेलात मंद आचेवर परता. वाटण कडा सोडू लागलं की उकळतं पाणी घाला. गार पाणी घातलं की तेल मसाल्यात अडकून बसतं आणि वर काही येत नाही, मग माणूस वरून आणखी ओततो. पाणी घातल्यावर दहा मिनिटं मंद उकळी. तेवढंच तेल वर येतं, खोबऱ्याचंही त्यात येतं.

ताई, आता मुद्द्याचं. वर ते उडीद दीड किलो सांगितलेत, ते वरणासाठी ठेवू नका. दळणात घाला. कळण्याची भाकर. १२ किलो ज्वारीतली ६ किलो काढा, त्यात हे दीड किलो काळे अख्खे उडीद, सालासकट. हे प्रमाण चारास एक. दळतानाच १०० ग्रॅम जाडं मीठ आणि दोन चहाचे चमचे मेथीदाणे टाका. नुसत्या ज्वारीत शंभर ग्रॅमला १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, या पिठात साडेबारा-तेरा. आणि ज्वारीत जे कमी (लायसिन, प्रथिनातला एक घटक) ते उडदात भरपूर, उडदात जे कमी ते ज्वारीत. जुन्या बायांना लायसिन माहीत नव्हतं, पण दळण बरोबर होतं.

चुकतं कुठे ते सांगते. एक, उडीद धुऊन अर्धवट वाळले असताना दळायला नेले की पीठ गोळ्या धरतं आणि चक्कीच्या दगडाला बसतं, मग गिरणीवाला पुढच्या वेळी नाही म्हणतो. धुवायचेच असतील तर दोन दिवस कडक ऊन द्या. दाताखाली कट्ट वाजला पाहिजे, दबला तर ओला आहे. दोन, कुणी सांगेल निम्मे उडीद घाला, आणखी पौष्टिक. नको. भाकर चिवट होते, हाताला चिकटते आणि मुलं जड पडते म्हणून टाकतात. तीन, गिरणीत आपल्या आधी मिरची दळली असेल तर थांबा, आधी दोन मुठी ज्वारी फिरवून ते पीठ बाजूला काढा.

पीठ एकदम साडेसात किलो दळू नका. दोन आठवड्यांचं दळा. बाजरीचं तर आठ दिवसांचंच, तिच्यात तेलाचा अंश जास्त, म्हणून पीठ लवकर कडू होतं.

अन् ज्वारी दादर (रब्बीची देशी) की हायब्रीड, हे विचाराल म्हणून आधीच सांगते. दादरची भाकर मऊ आणि गोड, वाद नाही. पण पोषणासाठी म्हणून दादरच हवी असं काही नाही. हायब्रीड घेताना फक्त दाणा बघा. पावसात सापडलेला काळा पडलेला दाणा असेल तर किलोमागे पाच रुपये कमी असले तरी उचलू नका, ती बुरशी असते.

बोरीकाठ
कळण्याचं लगेच करते. पण मुलीच्या हिमोग्लोबिनचं कुणी काही बोललं नाही. बीट आणि खजूर रोज द्या असं शेजारी सांगतात. आणि रेशनच्या तांदळात काही दाणे पाण्यावर तरंगतात, ते प्लॅस्टिकचे असतात म्हणे. मी वेचून टाकते.

पोषण_पोटली
ते दाणे टाकू नका ताई! ते तांदळाच्याच पिठाचे, वरून लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घालून बनवलेले दाणे. शंभर दाण्यांत एक या हिशेबाने मिसळलेले. म्हणजे नेमकं मुलीला हवं ते तुम्ही वेचून फेकताय. तो तांदूळ हलक्या हाताने एक-दोनदाच धुवा आणि पाणी बेताचं ठेवून शिजवा, पेज काढून टाकू नका. (घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल आहे, म्हणून सांगितलं.)

९.८ हे नुसत्या जेवणाने लवकर वर येणार नाही. गोळ्या पूर्ण करा, मधे सोडू नका. संडास काळी होते, ते गोळीतल्या लोहाने, घाबरू नका. गोळी आणि दूध एकत्र नको. चहा तर गोळीच्या आणि जेवणाच्या आगेमागे तासभर नकोच, चहातलं टॅनिन लोह धरून ठेवतं. खान्देशात ११ वर्षांच्या पोरीला जेवण झालं की कपभर चहा, ही सवय आधी मोडा. ते फुकट आहे आणि बिटापेक्षा जास्त कामाचं आहे. बिटाचा रंग लाल, म्हणून रक्त वाढतं असा हिशेब लोकांनी लावलाय. त्यात लोह फारसं नसतं. खजुराचे पैसे शेंगदाण्यांत घाला.

शाळेत साप्ताहिक लोहगोळी मिळते, १० वर्षांवरच्यांना निळी, लहानांना गुलाबी. मुलीचा उपचार चालू आहे तोवर निळीचं काय करायचं ते डॉक्टरांनाच विचारा, दोन्हीकडून देऊ नका. शाळेतली जंतनाशकाची गोळी मात्र दोघांचीही चुकवू नका, जंत असतील तर वर कितीही खाऊ घाला.

शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर दुपारचं जेवण हिशेबात धरा. पाचवीपर्यंत ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम, असं ते ठरलेलं आहे. मुलं ते जेवत असतील तर घरून दुसरा पोळीचा डबा देऊ नका, त्याऐवजी डब्यात नुसतं फळ किंवा फुटाणे-शेंगदाणे. किलोभर हरभऱ्यांतले निम्मे भट्टीवर भाजून आणले की बिस्किटांची जागा भरते.

पालेभाजीचं लोह अंगी लागायला आंबट लागतं. वरणात-भाजीत शेवटी लिंबू पिळा, आधी घालून उकळवलं तर क जीवनसत्त्व जातं. लोखंडी कढईत अंबाडी, चिंच, टोमॅटो असं आंबट शिजवलं की कढईतलं लोह भाजीत उतरतं. झाल्यावर लगेच स्टीलच्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते आणि तोंडाला लोखंड लागतं, मग मुलं पुन्हा हात लावत नाहीत. थंडीत १२ किलो ज्वारीतली ४ किलो कमी करून बाजरी घ्या, तिच्यात लोह ज्वारीपेक्षा जास्त.

बिबडं_बट्टी
भाजीवर मीही बोलते. रोज ५० ची भाजी म्हणजे गाडीवाल्याकडची, पावशेर-पावशेर. त्याच दीड हजाराचे दोन वाटे करा. बाराशे आठवडे बाजाराला, म्हणजे बाजाराला तीनशे. उरलेले तीनशे मधल्या दिवसांच्या कोथिंबीर-मिरची-लिंबाला. बाजारात दिवे लागणीला जा. पालेभाजीवाला जुडी परत नेत नाही, दोनच्या भावात तीन देतो. फक्त आणली की त्याच रात्री निवडा. ओली जुडी पिशवीत तशीच राहिली तर सकाळी निम्मी सडलेली, मग कसली स्वस्ताई. निवडून, न धुता, जुन्या सुती कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये. धुणं चिरायच्या आधी.

भाज्यांत वजनदार आणि टिकाऊ एक घ्याच: गंगाफळ (लाल भोपळा). अख्खं असेल तर बाहेर महिना-दीड महिना राहतं, कापलेलं मात्र तीन-चार दिवस. त्याच्या बियाही वाळवून भाजून खा. थंडीत मेथी, पोकळा, हरभऱ्याचा पाला. पावसात तांदुळजा, घोळ. वांगी थंडीत स्वस्त, भरीत करा, पण मिरची-लसूण-दाणे परतायला दोन चमचे तेल पुष्कळ. भरताला तेलाची धार हवी, हे लग्नाच्या पंगतीचं प्रमाण आहे, घरचं नाही.

हरभऱ्याचा पाला स्वस्त असतो तेव्हा जास्त घेऊन सावलीत वाळवा. उन्हात टाकला तर पिवळा पडतो, त्यासोबत अ जीवनसत्त्वही जातं. मुठीत चुरचुर झाला की हवाबंद डब्यात. चैत्र-वैशाखात पालेभाजी महागते, तेव्हा वरणात मूठभर.

आणि फुनके करा, आठवड्यातून दोनदा. पाव किलो तूरडाळ तीन-चार तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून, जाडसर वाटा. तितकीच, पाव किलो, चिरलेली मेथी किंवा शेपू, एक कांदा, लसूण-मिरची, जिरं, मीठ. मुठीने वळून चाळणीत १५ ते २० मिनिटं वाफवा. वरून एक चमचा कच्चं तेल, सोबत ते ३०० मिली दुधाचं दही घुसळून कढी. पाच माणसं पोटभर. फसतात ती दोन कारणांनी: वाटताना पाणी घातलं की चिकट होतात, आणि गोळा मोठा झाला की मधे कच्चे राहतात. मुटक्यासारखे लांबट वळा, लिंबाएवढ्या जाडीचे. सुरी घालून बघा, कोरडी निघाली पाहिजे.

शिरपूरचा_भो
सोयाबीनची वडी कुणीच सांगितली नाही? १०० ग्रॅमला ५० ग्रॅमवर प्रथिनं. पै_पैचा हिशेबवाल्या भाऊंच्या पद्धतीने १२० रुपये किलो धरली तर १० रुपयांत ४३ ग्रॅम होतात!

पै_पैचा_हिशेब
बरोबर आहे, हिशेबात तीच पहिली. आठवड्याला १०० ग्रॅम घ्यायला हरकत नाही, मठ अर्धा किलो कमी करून. पण वड्या उकळून, दोनदा गार पाण्यात पिळून घेतल्याशिवाय वास जात नाही, आणि वास गेला नाही की लोक तो मसाल्याने आणि तेलाने झाकतात. बघा, पुन्हा तेलच. मुलं खात असतील तरच घ्या.

बोरीकाठ
आठ दिवस झाले. शेव-बिस्किटं कमी केली, फुनके आवडले. पण दोन अडचणी. कळण्याची भाकर कडसर लागते आणि थापताना कडा फाटतात. आणि ८ किलो डाळी म्हटलं तरी रोज नेमकी किती टाकायची ते कळत नाही. पहिल्या आठवड्यातच अडीच किलो संपली.

बिबडं_बट्टी
कडसर म्हणजे मेथी जास्त पडली. साडेसात किलोला दोन चमचे सांगितले होते. तुम्ही दोन आठवड्यांचं दळलं असेल, म्हणजे निम्मं, आणि मेथी पूर्ण टाकली असेल. आहे त्या पिठात तेवढंच साधं ज्वारीचं पीठ मिसळा, निघून जाईल. त्या साध्या पिठात मीठ नसेल, ते भिजवताना घाला. मेथी बेताची असूनही कडू लागलं तर उडीद जुने, पीठ नाकाशी धरून बघा, खवट वास येईल. मग ते पीठ गुरांना.

कडा फाटतात त्याला पाणी कारण. साध्या ज्वारीला उकळतं पाणी लागतं, कळण्याला कोमट पुरतं, उडीदच चिकटपणा देतो. तुम्ही सवयीने उकळतं घालून पीठ आधीच घट्ट करत असाल. कोमट पाण्यात सैलसर भिजवा, एका भाकरीपुरतंच, आणि तळहाताने चांगलं मळा, फाटायची बंद होईल. सगळं पीठ एकदम भिजवून ठेवू नका, शेवटच्या भाकरी फाटतातच. तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवा, ते पूर्ण सुकायच्या आत उलटा.

पै_पैचा_हिशेब
डाळीचं माप. ८ किलोतले दीड किलो उडीद दळणात गेले, अर्धा किलो हरभरे फुटाण्यात. पातेल्यासाठी उरले ६ किलो, म्हणजे रोज २०० ग्रॅम. मध्यम स्टीलच्या वाटीत सव्वाशे-दीडशे ग्रॅम डाळ बसते, तर साधारण दीड वाटी. तुमची वाटी एकदा किराणावाल्याच्या काट्यावर भरून बघा आणि आतून रेघ मारून घ्या. फुनक्याच्या दिवशी पाव किलो जातात, दुसऱ्या दिवशी दीडशेचं वरण करा, जमतं.

खिचडीत दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ. नुसती मूठभर टाकली तर ती पिवळ्या भाताची खिचडी. मूग-मठ मोड आणून केले की भांड्यात दुप्पट दिसतात, त्या दिवशी दीड वाटीची एक वाटी करायचा मोह होईल, करू नका. ते फुगलेलं पाणी आहे. आणि उन्हाळ्यात, पारा ४४-४५ ला गेला की मोड फडक्यात बांधून रात्रभर विसरू नका, चिकट तार येते. सकाळ-संध्याकाळ खळखळून धुवा, माठाखालच्या ओल्या वाळूवर ठेवा. तार आलीच तर सगळं टाकायचं, धुऊन वापरायचं नाही.